आईची सुरी तिरकी का चालायची: एका मुठीचं पूर्ण प्रकरण

सुरी आईसाठी केली होती. ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याचा तुकडा, लोहाराकडून ऐरणीवर पातळ ठोकून घेतलेला, पातं १६० मिमी, पाठीला ३.५ मिमी जाड, मूठ ११० मिमी. मूठ शिसवाची, आजीच्या मोडलेल्या पलंगाच्या पट्टीतून काढलेली. शिसव जुनं असलं की कापताना आतून जांभळट काळ्या रेघा निघतात आणि त्या बघून हात थांबत नाही, त्यामुळे मूठ घडवताना मी खूप मन लावून काम केलं होतं. हातात घेतली की छान भरायची, पॉलिश आरशासारखं, तीन पितळी पिनी एका ओळीत.

चार दिवसांनी आई म्हणाली, "अरे, ही सुरी आत शिरते बघ. मी सरळ धरते पण भोपळा तिरका कापला जातो."

मला वाटलं धार. धार एका बाजूला जास्त लागली असेल तर सुरी वळते हे खरंच आहे, म्हणून दगडावर परत दोन्ही अंगांनी मोजून धार लावली. फरक नाही. परत लावली, तरी तेच. मग ओट्यावर तिच्याशेजारी उभा राहून तिनं कापलेल्या लाल भोपळ्याच्या फोडी मोजल्या. भोपळा साधारण १० सेंमी उंच, फोड वरून १० मिमी आणि खालून १५-१६ मिमी. प्रत्येक फोड तशीच. म्हणजे सुरी खाली जाता जाता डावीकडे ५-६ मिमी सरकत होती आणि दरवेळी तेवढीच सरकत होती. हाताची चूक असती तर कधी इकडे कधी तिकडे गेली असती.

मग एक साधी गोष्ट करून बघितली, ज्यानं सगळं प्रकरण उलगडलं. आईला म्हटलं मूठ धरूच नको, पातं मुठीला जिथं मिळतं तिथं थेट पात्यालाच चिमटीत धर आणि बाकीची बोटं नुसती मागे टेकव. तशी कापल्यावर फोड वर १०, खाली ११. धार तीच, भोपळा तोच, आईचा हात तोच. बदलली फक्त पकड. म्हणजे दोष पात्यात नव्हता, मुठीत होता. कोणाची सुरी वळत असेल तर दगड हातात घ्यायच्या आधी ही चिमटीची टेस्ट करा, दोन मिनिटांचं काम आहे आणि उगाच पोलाद घासलं जात नाही.

आता हे होतं कसं ते सांगतो, कारण मुठीचा एकसारखेपणा दिसण्यापुरता असतो असं बरेच जण धरून चालतात. आपला तळवा पात्याला ओळखतच नाही. तो मुठीची दोन अंगं दाबतो आणि त्या दोन अंगांच्या बरोबर मध्ये जी उभी रेघ येते तिला "सरळ" समजतो. कुऱ्हाडीचा दांडा गोल न ठेवता लंबगोल का करतात, तर हाताला न बघता कळावं की धार कुठल्या दिशेला आहे. सुरीच्या मुठीचंही तेच. आता या मुठीचं एक अंग खाली फुगलेलं असेल तर ती मधली रेघच कलते, हात ती कललेली रेघ सरळ धरतो आणि पातं बिचारं उलट्या बाजूला कलतं.

एक बाजू मुद्दाम वेगळी ठेवणं हा वेगळा विषय आहे. जपानी सुऱ्यांमध्ये अष्टकोनी मुठी असतात तशा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्याही असतात, एका अंगाला कंगोरा ठेवलेला, उजव्या हाताच्या माणसाच्या बोटांसाठी. तिथे फरक ठरवून ठेवलेला असतो. माझ्या मुठीत तो न ठरवता आला होता.

मोजायचं कसं हा प्रश्न होता. व्हर्नियर (जबड्यात धरून जाडी मोजायची पट्टी) लावला तर मूठ एकूण २० मिमी एवढंच कळतं, डावीकडे किती उजवीकडे किती ते कळत नाही. डोळ्यानं बघायचं तर माझा डोळा आधीच फसलेला, त्यावर विश्वास नव्हता. शेवटी असं केलं. ओटा करताना उरलेला पॉलिश ग्रॅनाइटचा तुकडा घेतला, तो छान सपाट असतो, त्याच्या काठाशी १२ मिमीचा चौकोनी लोखंडी बार ठेवला. पात्याच्या मुळाशी मी २० मिमी भाग धारेचा उतार न देता सपाट सोडला होता, तो भाग त्या बारवर टेकवला आणि सी-क्लॅम्पनं बार, सुरी, ग्रॅनाइट तिन्ही एकत्र आवळलं. मूठ आता हवेत, ग्रॅनाइटच्या वर अधांतरी. मुठीखालच्या फटीत ड्रिल बिटांचे दांडे सरकवून बघायचे, कुठला जेमतेम जातो. मग सुरी पालथी करून दुसऱ्या अंगाला तेच. ३, ३.५, ४, ४.५ असे बिट घरात असतातच, वेगळं गेज विकत घ्यायची गरज नाही.

मुठीचा सगळ्यात भरलेला भाग, जिथे तळवा बसतो, तिथे मी पेन्सिलनं दोन ओळी मारल्या, एक पाठीजवळ, एक पोटाजवळ, मध्ये १२ मिमी अंतर. डाव्या अंगाला दोन्ही ओळींवर ४.५ चा बिट गेला. उजव्या अंगाला वरच्या ओळीवर ४.५ गेला आणि खालच्या ओळीवर फक्त ३. म्हणजे बारच्या १२ मिमीमधून फट वजा केली की डावीकडे लाकूड वर खाली ७.५ मिमी, उजवीकडे वर ७.५ आणि खाली ९. दीड मिमी! बोटानं चाचपून तर मला अजिबात कळलं नव्हतं. पण १२ मिमीत दीड मिमी म्हणजे त्या अंगाला ७ अंशांचा उतार, दुसरं अंग सरळ, हात दोन्हींचा मध्य धरतो म्हणजे साडेतीन अंश. आणि १० सेंमी खोल कापात साडेतीन अंश म्हणजे तळाशी ६ मिमी. भोपळ्याच्या फोडींचा हिशोब तंतोतंत जुळला. तो जुळला तेव्हा मला खरंच खूप बरं वाटलं, कारण आता दुरुस्त काय करायचं ते माहीत होतं.

पण हा दीड मिमी आला कुठून हे शोधल्याशिवाय पुढच्या मुठीत तो परत येणार होता. दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. मी मुठीच्या दोन्ही अंगांच्या लाकडी फळ्यांना भोकं हँड ड्रिलनं, हातावर अंदाजानं पाडली होती, सगळी डाव्या बाजूनं. ड्रिल थोडं कललं, त्यामुळे उजव्या अंगाला पिनी २ मिमी पोटाकडे निघाल्या. मला तेव्हा ते दिसलं होतं पण पिनी एका ओळीत होत्या ना, म्हणून चालेल म्हटलं. मग घडवताना काय झालं, डोळा पिनींना मध्य समजतो, उजव्या अंगाला पिनी खाली होत्या म्हणून मला सतत वाटत राहिलं की वरचं लाकूड जास्त आहे, मी वरून काढत गेलो आणि खालचं राखलं. पिनी म्हणजे मुठीवरचे सगळ्यात चमकणारे ठिपके, त्यांच्याकडे न बघता काम करणं जमतच नाही.

दुसरं म्हणजे मी डावं अंग पार ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत पूर्ण केलं आणि मग उजवं त्याच्यासारखं करायला घेतलं. आता गोल झालेल्या अंगावर ना रेघ उरलेली ना कड, मग तुलना कशाशी करणार? शिवाय माझ्या कामाच्या टेबलाला एकच खिडकी आहे, डाव्या हाताला. एका बाजूनं उजेड आला की जवळचा भाग सपाट दिसतो आणि लांबच्या भागावर सावली पडून तो जास्त गोल दिसतो, मूठ फिरवून बघितली नाही तर डोळा तेच खरं धरतो.

पहिली दुरुस्ती सोपी होती. उजव्या अंगाचा खालचा भाग अर्धगोल कानशीनं उतरवला, दर दहा घासांनी बारवर लावून बिट सरकवला, ४.५ जायला लागल्यावर थांबलो. भोपळा सरळ कापला जाऊ लागला. मला वाटलं प्रकरण संपलं.

आठवड्यानं कोबीनं परत आणलं. अर्धा कोबी आडवा ठेवून लांब ओढत कापताना आईला काप जवळच्या टोकाला पातळ आणि लांबच्या टोकाला जाड मिळत होता, साधारण १५ सेंमीत अडीच ते तीन मिमी फरक. वर-खाली फरक नाही, पुढे-मागे फरक. म्हणजे आता सुरी कलत नव्हती पण तिचं टोक डावीकडे बघत होतं. हा वेगळाच दोष.

परत ग्रॅनाइट, परत बार. या वेळी मुठीच्या अगदी मागच्या टोकाला मोजलं, जे मी पहिल्या वेळी केलंच नव्हतं. डावं अंग खाली असताना फट २ मिमी, उजवं अंग खाली असताना ६ मिमी. माझी पहिली प्रतिक्रिया, डावीकडे लाकूड जास्त राहिलंय, कानस घ्या. हात खरंच कानशीकडे गेला होता. पण मागच्या टोकाकडून मूठ नीट बघितली तर शिसवाच्या दोन फळ्यांमध्ये लोखंडाची ३.५ मिमीची पट्टी दिसते, तिच्या दोन्ही बाजूंना व्हर्नियर लावला तर लाकूड इकडे ८, तिकडे ८. लाकूड एकसारखं होतं! मग फटीत ४ मिमीचा फरक आला तो लोखंडामुळे. टँग, म्हणजे पात्याचीच मुठीत गेलेली शेपटी, मागे २ मिमी डावीकडे वाकलेली होती. ११० मिमीत २ मिमी, म्हणजे १ अंशाच्या आसपास. लाकूड शेपटीच्या हिशोबानं अगदी बरोबर होतं पण शेपटीच पात्याच्या हिशोबानं चुकलेली.

वाक आला असणार पाणी देताना, म्हणजे तापवलेलं पातं तेलात बुडवताना, कारण मी शेपटीसकट अख्खं पातं बुडवलं होतं. लांब पातळ लोखंड एका अंगानं आधी थंड झालं की वाकतं, हे नेहमीचं आहे. पातं मी नंतर सरळ आहे का बघितलं, शेपटी बघितली नाही, म्हटलं ती लाकडात लपणारच आहे. हीच जागा मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुढे लाकडावर मारायची प्रत्येक रेघ त्या शेपटीवरून निघणार असते, ती वाकडी तर सगळं वाकडं, आणि वर कितीही छान पॉलिश केलं तरी ते आतून वाकडंच राहतं.

लाकूड घासून वरवर हे झाकता आलं असतं, डावीकडून दोन मिमी काढून उजवीकडे... पण उजवीकडे दोन मिमी वाढवणार कुठून. मूठ काढायची ठरलं.

फळ्या अराल्डाइटनं चिकटवलेल्या होत्या. मूठ उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं धरली. उकळत्या पाण्याचा फायदा असा की ते १०० अंशाच्या वर जातच नाही, आणि पात्याला मी २०० अंशावर टेंपर दिलेलं (पाणी दिल्यावर परत हलकं तापवून ठिसूळपणा कमी केलेला), म्हणजे कडकपणाला धोका नाही. ज्योत लावली असती तर ही खात्री राहत नाही. गोंद मऊ पडल्यावर पिनी पंचनं ठोकून काढल्या, फळ्यांच्या फटीत पातळ पटाशी घातली, सुटल्या. आजीच्या पलंगाचं लाकूड तसं काढताना वाईट वाटलं, पण त्याच पट्टीचा तुकडा शिल्लक होता.

शेपटी सरळ करायला आधी नरम करावी लागते, कडक लोखंड वाकवायला गेलं की मोडतं. पातं पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवलं, शेपटी वर, आणि टॉर्चनं मागच्या टोकाकडून तापवत आलो. आधी घासून चकचकीत करून घ्यायची म्हणजे रंग दिसतो, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, मग निळा. निळा म्हणजे साधारण ३०० अंश. निळा पुढे सरकत पात्याच्या मुळाच्या अलीकडे आला की बंद. मग व्हाइसच्या जबड्यात तीन छोटे नट, एका बाजूला दोन आणि समोर मध्ये एक, त्यात शेपटी धरून हळू आवळायचं. सरळच्या थोडं पलीकडे न्यावं लागतं कारण ती स्प्रिंगसारखी परत येते. आवळा, काढा, बारवर लावा, बघा. मला सात-आठ फेऱ्या लागल्या. शेवटी दोन्ही अंगांनी फट सारखी.

दुसऱ्या मुठीच्या वेळी गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेलो, त्यांच्याकडे स्टँडवरचं ड्रिल आहे. त्यांनी गुण्या लावून बिट काटकोनात आहे का आधी बघितलं, मग हात लावू दिला. एक फळी शेपटीला क्लॅम्प करून शेपटीच्या भोकातून ड्रिल, मग दुसरी. मी सगळं गुंडाळून निघालो तेव्हा काका म्हणाले, "लगेच गोल करायला घेऊ नको हां. रेघा दिसतायत तोवर काम आपल्या हातात असतं." तेवढं एकच वाक्य मी मूठ पूर्ण होईपर्यंत लक्षात ठेवलं.

चिकटवायच्या आधी दोन्ही फळ्यांची पुढची टोकं, जी पात्याकडे येतात, ती पिनी घालून जोडीनं एकत्र घासून पॉलिश केली. नंतर ती घासता येत नाहीत, पात्यावर ओरखडे येतात, आणि एकत्र घासली की दोन्ही अंगांना टोक एकाच ठिकाणी संपतं. अराल्डाइट २४ तास ठेवलं. मग बाहेरचा आकार शेपटीच्या कडेला लागेपर्यंत कानस, म्हणजे पाठीवर आणि पोटावर लोखंडाची पट्टी पूर्ण दिसते. हीच पट्टी आपली मधली रेघ, ती लाकडाखाली कधीच लपू द्यायची नाही.

वरून बघितल्यावर मूठ कशी दिसावी याचा साचा वहीच्या पुठ्ठ्याचा केला. पुठ्ठ्याला मधोमध घडी घालून एकच बाजू कातरली, उघडला की दोन्ही बाजू आपोआप सारख्या. पुढे १६ मिमी, कंबर १५, तळव्याला १८.५, मागे परत १७. घडीची रेघ शेपटीच्या पट्टीच्या मध्यावर ठेवून पाठीवर आखलं, मग पोटावर. दोन्हीकडच्या रेघांपर्यंत दोन्ही अंगं सपाट घासली. या टप्प्याला मूठ चौकोनी ठोकळ्यासारखी दिसते, घाई करावीशी वाटते, तिथेच थांबून बारवर मोजलं. डावं उजवं सारखं.

मग पैलू. व्हर्नियरच्या जबड्याच्या टोकानं चारही कडांपासून ४ मिमीवर रेघ ओरखडली, अंगावर एक आणि पाठीवर एक, आणि त्या दोन रेघांमधली कड कानशीनं ४५ अंशात उतरवली. ४ बाय ४ ची कड उतरली की नवा पैलू ५.७ मिमी रुंद होतो, पट्टी लावून मोजता येतो, आणि कुठे जास्त गेलं तर त्याची कड लगेच नागमोडी दिसते. गोल भागावर अर्धा मिमी कोणालाच दिसत नाही, पैलूच्या सरळ कडेवर तो लांबून दिसतो. म्हणून शक्य तितका वेळ पैलूंमध्ये राहायचं. एका अंगाला दहा घास, सुरी उलटी, दुसऱ्या अंगाला दहा घास, आणि दर वेळी व्हाइसमध्ये तोंडही फिरवायचं कारण कानस ढकलताना हात शेवटाला दाबतो आणि लांबच्या टोकाचं लाकूड जास्त जातं. चार पैलू झाल्यावर त्यांच्या कडा परत उतरवून आणखी अरुंद पैलू. मग कुठे कापडी पॉलिश पेपरची पट्टी घेऊन बूट पॉलिश करतात तशी दोन हातांनी मागे-पुढे ओढली, ८० नंबर, १२०, २२०, ४००, प्रत्येक नंबर दोन्ही अंगांना पूर्ण झाल्यावरच पुढचा. पिनींच्या आसपास पेपरखाली लाकडाचा ठोकळा धरला, नुसत्या बोटानं घासलं तर लाकूड लवकर झिजतं आणि पितळ वर राहतं. शिसवाची धूळ नाकाला, त्वचेला त्रास देते, मास्क लावूनच करा.

गोल झाल्यावर तपासायला इलेक्ट्रिशियनकडची जाड तांब्याची तार वापरली. तळव्याच्या जागी डाव्या अंगावर दाबून तिचा आकार घेतला, तार उलटी करून उजव्या अंगावर बसवली. मध्ये उजेड दिसला तर तिथे लाकूड कमी. तीन ठिकाणी केलं. मागच्या टोकाला कागदाच्या जाडीइतकी फट राहिली आहे, ती मी ठेवली, कारण अजून घासलं असतं तर कंबर बारीक झाली असती. शेवटी पाण्याचा हात फिरवून उभे राहिलेले तंतू ४०० नं काढले आणि जवसाच्या तेलाचे पाच पातळ हात, मध्ये एकेक दिवस सोडून. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात, उघडी पसरून वाळवा.

आईला दिली तेव्हा काही सांगितलं नाही. तिनं भोपळा कापला, कोबी कापला, मग सुरण घेतला. मी फोडी मोजल्या, वर १०, खाली १०, एखादी ११. कोबीचा काप दोन्ही टोकांना सारखा. ती म्हणाली, "आता बरोबर जाते. धार लावलीस का?" धार मी या खेपेला लावलीच नव्हती.

जुन्या दोन फळ्या टाकल्या नाहीत. उजव्या फळीवर तिरक्या भोकांची तोंडं स्पष्ट दिसतात, दोन मिमी खाली. नवीन मूठ करायला घेतली की त्या टेबलावर समोर ठेवतो, ग्रॅनाइटच्या तुकड्याशेजारी.